गिटारसाठी कॉम्प्रेसर पेडल (आवाजाचा चढउतार कमी करणारा, पायाने दाबायचा डबा) घेतलं, पहिले दोन दिवस वाटलं पैसे गेले

बॉस कंपनीचा सीएस-३ घेतला, तो निळा, सेकंडहँड, इथल्या नाशिकच्या पंचवटीतल्या एका पोराकडून साडेपाच हजाराला. १९८६ पासून हे मॉडेल चालूय आणि डबा असला दणकट की पडला तर फरशीची काळजी करावी, त्यामुळे जुना घ्यायला भीती नाही वाटली.

घरी सिडकोत लावला तर काहीच कळेना. आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल दाबलं की कळतं, प्रतिध्वनी देणारा डिले दाबला की कळतं, हे दाबलं की नुसता आवाज मोठा. इथेच खूप जण फसतात बरं का, मोठा आवाज कानाला गोडच लागतो, मग लेव्हल (बाहेर येणाऱ्या आवाजाची पातळी) वर ठेवायची आणि म्हणायचं काय टोन सुधारला राव. मी चालू-बंद करत लेव्हल सारखी करून घेतली, मग धाकट्या बहिणीला पेडलपाशी बसवलं आणि तिच्याकडे पाठ करून वाजवत बसलो. "दादा सांग, आत्ता चालूय का बंद?" दहातले सहा बरोबर आले, म्हणजे तुक्काच.

खरा फरक कळला ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला. गणपती जवळ आलेले, मागच्या ग्राउंडवर ढोल पथक सुरू, नाशिकमध्ये राहून ढोलाची तक्रार कोणाकडे करणार. माझी गिटार सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग), क्लीनवर, म्हणजे आवाज न फाडता, बोटांनी एकेक तार छेडत वाजवायचं गाणं होतं, त्यात अंगठ्याची जाडी तार धप्पकन येते आणि खालची बारीक तार ढोलात गडप. कॉम्प्रेसर करतो काय तर ठराविक पातळीच्या वर जाणारा आवाज दाबतो आणि मग सगळंच उचलून देतो, म्हणून जे बारीक होतं तेही पुढे येतं. त्या दिवशी बारीक तार पहिल्यांदा स्पष्ट आली. आमचा ड्रमर म्हणे, "आज तू जास्त चुकतोयस का आजच ऐकू येतंय?"

सेटिंग म्हणाल तर, नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरून, सस्टेन (सूर लांबवणारा) दहा वाजता, अ‍ॅटॅक दोन वाजता, टोन बाराच्या जरा आधी. अ‍ॅटॅक उजवीकडे नेला की तार छेडल्याचा खटका शाबूत राहतो, डावीकडे नेला की सूर चपटा होतो. सस्टेन फुल करून बघा एकदा, सूर लांबतो खरा पण हळू वाजवा नाहीतर जोरात, सगळं एकसारखं येतं, हातात जीवच नसल्यासारखं. मूळ आवाज थोडा मिसळायला ब्लेंडचा नॉब असता तर मजा आली असती, वॉम्पलरच्या इगो कॉम्प्रेसरला तो आहे पण माझं बजेट तेवढं नव्हतं.

आता नको असलेल्या आवाजाचं. बारीक सूर उचलला जातो तशी पिकअपची घूंघूं आणि मागच्या पेडलांची सूंसूंपण उचलली जाते, कुठल्याही कंपनीचा घ्या, यातून सुटका नाही. म्हणून ओव्हरड्राइव्हच्या (आवाज थोडा फाडणाऱ्या पेडलच्या) आधी लावा, नंतर लावलात तर त्याची सगळी सूंसूं पण वर येते. माझ्याकडे तर सुरुवातीला इतकी घूंघूं होती की पेडल परत द्यायला निघालो होतो, शेवटी दोष निघाला रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त अ‍ॅडाप्टरचा. नऊ व्होल्टची बॅटरी टाकली आणि अर्ध्याहून जास्त घूंघूं गेली. अ‍ॅडाप्टर घ्याल तर ज्याच्या पिनच्या मधोमध निगेटिव्ह टोक आहे तोच घ्या.

हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांनी खर्च करू नये, जोरदार डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबून सपाट करतं. क्लीन वाजवणाऱ्यांनी, खासकरून गर्दीच्या बँडमध्ये, जरूर घ्या.

आणि गाणं संपलं की बंद करा. परवा सातपूरला एका सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात साहेब भाषणाला उभे राहिले आणि मी विसरलो, स्पीकरमधून सूंऽऽ. सगळे मिक्सरवाल्याकडे बघायला लागले. मी पण त्याच्याकडेच बघितलं.