ऑफ-व्हाइट की फिका राखाडी? मुंबईच्या फ्लॅटसाठी निवड

शेड कार्डवर दोन्ही रंग सारखेच शांत वाटतात. भिंतीवर मात्र खिडकीतला उजेड आणि फरशी त्यांना बदलून टाकतात, म्हणून रंगाआधी या दोन गोष्टी पाहा.

खालचा मजला आणि समोर हाताच्या अंतरावर दुसरी इमारत असेल, तर ऑफ-व्हाइटच घ्या, तोही किंचित पिवळसर झाक असलेला. तो पडलेल्या उजेडाचा साधारण 75 ते 85 टक्के भाग परत फेकतो. फिका राखाडी 55 ते 65 टक्के. दिवसाही ट्यूब लावावी लागते अशा खोलीत हा फरक मोठा आहे. शिवाय पावसाळ्यातला ढगाळ उजेड मुळातच निळसर असतो, त्यात राखाडी भिंत थंड आणि उदास दिसते. 6500 केल्विनचे पांढरे एलईडी असतील तर रात्रीही तेच (केल्विन हे उजेडाच्या झाकेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). राखाडी ठरवलाच असेल तर दिवे 3000 ते 4000 केल्विनचे लावा.

वरचा मजला आणि पश्चिमेला मोकळं आकाश असेल तर आमचं मत उलटं आहे. दुपारनंतरच्या उन्हात ऑफ-व्हाइट पिवळा दिसतो आणि डोळ्यांवर येतो. राखाडी ती तिरीप शोषतो.

क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सशेजारी निळसर राखाडी टाळा, टाइल्स मळकट पिवळ्या दिसू लागतात. तिथे बेज झाक असलेला राखाडी चालतो. जुन्या करड्या-काळ्या ठिपक्यांच्या मोझॅक फरशीशेजारी साधा राखाडी छान बसतो.

आता ओल. नैर्ऋत्येचा पाऊस दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर आपटतो, त्याच जास्त करून आतून ओलावतात. ऑफ-व्हाइटवर गळतीचे तपकिरी डाग उठून दिसतात, राखाडीवर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी पूड. कोणताही रंग हे लपवत नाही. दिवाळीआधी घाईने रंग द्यायचा असेल तर भिंतीला दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. 24 तासांनी आत पाणी जमलं असेल तर थांबा. ओल्या भिंतीवरची लांबी (पुट्टी) फुगते आणि पोपडे निघतात. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस द्या.

फिनिश ठरवताना: बिनचमकीच्या मॅटमध्ये लांबीचे उंचवटे लपतात, पण हाताचे डाग पुसताना चकाकी येते. स्वयंपाकघरात, देवघराशेजारी आणि पॅसेजमध्ये धुता येणारं, हलक्या चमकीचं इमल्शन बरं. चमक जितकी जास्त, तितकी लांबी घासताना राहिलेली कसर दिसते.

नमुना जुन्या रंगावर लावू नका, खालचा रंग फसवतो. दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींशी धरून पाहा.

10 बाय 12 ची, 9 फूट उंचीची खोली म्हणजे चार भिंती 396 चौरस फूट. दार-खिडकी वजा करून सुमारे 350. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट धरा, म्हणजे तीन लिटर पुरतात, पण चार लिटरचा डबा घ्या. एकाहून जास्त डबे लागणार असतील तर ते सर्व एकाच वेळी टिंट करून (दुकानात रंगद्रव्य मिसळून) घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करा. राखाडीत रंगद्रव्य जास्त असल्याने दोन डब्यांतला फरक चटकन दिसतो. उरलेल्या डब्यावर शेड क्रमांक, खोली आणि तारीख लिहून ठेवा.