‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्या अर्कापासून सावध राहा

₹15,150 घेऊन त्या लोकांनी आमच्या अण्णांना मरणाच्या दारात नेऊन सोडलं.

जाहिरात, फोनवरचा ‘वैद्य’, तीन महिन्यांचा कोर्स, पार्सल आल्यावर पैसे, हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. यांनी सोबत गुडमारच्या पानांची पुडी पाठवली. ‘‘पान चघळा आणि साखर खाऊन बघा.’’ अण्णांना साखर वाळूसारखी लागली. ‘‘रक्तातली साखरही अशीच मारतं,’’ तो ‘वैद्य’ म्हणाला. गुडमार जिभेची गोडी थोडा वेळ खरंच घालवतं, पण त्यावरून रक्तातल्या साखरेचं काहीच सिद्ध होत नाही. पुडी आली की पार्सल परत करा.

अर्कात म्हणे गुडमार, जांभूळबी, विजयसार. ₹8,750. आठवड्यात उपाशीपोटी शुगर 182 वरून 94! ग्लुकोमीटरवर आकडा दिसत असताना कोण शंका घेईल? मग ‘किडनी शुद्धी’ चूर्णाचे ₹6,400.

माहितीपत्रकात एक ओळ होती: ‘मात्रेनंतर अर्ध्या तासात जेवलेच पाहिजे.’ तिथेच थांबायला हवं होतं. नुसत्या झाडपाल्याला जेवणाची एवढी धास्ती कशाला? ही ताकीद शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांची असते. पण आयुर्वेद म्हटलं की पथ्य आलंच, तेव्हा माझ्या जागी कोणीही असता तरी हेच समजला असता.

एका रात्री अण्णा घामाने निथळत होते, मला ओळखेनात. शुगर 41. सलाइनमधून ग्लुकोज देऊनही पुन्हा पुन्हा उतरत होती. डॉक्टरांना अर्कात ग्लिबेनक्लामाइड ही शुगर उतरवणारी गोळी मिसळल्याचा संशय आला. अशी भेसळ अनेक देशांत सापडली आहे. किडनी कमजोर असेल तर ही गोळी अंगात रेंगाळते, आणि अण्णांची आहेच. बिल ₹38,260. (अशा वेळी शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका, ठसका लागून जीव जातो.)

पोलिस म्हणाले, ‘‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’’ औषधांच्या कार्यालयात म्हणे, तुमची बाटली चालत नाही, आमच्या निरीक्षकाने दुकानातून उचललेला नमुनाच लागतो, दुकान दाखवा. दुकान असतं तर मीच गेलो नसतो का? 1954 च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. तो कागद पुढे केला तर साहेब म्हणाले, ‘‘आयुर्वेदाचं टेबल वेगळं.’’ त्या टेबलावर माणूस नाही. माणूस मेल्यावर नेमणार आहेत का?

लेबलवर परवाना क्रमांक, बॅच नंबर नसेल तर घेऊ नका. चालू गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. जे घेताय ते डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा. आठवड्यात शुगर निम्म्यावर आली तर आनंद नको, आधी डॉक्टर गाठा.

मी आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. तुमच्याकडेही अशा पावत्या, खोके, फोनचं रेकॉर्डिंग असेल तर काहीही फेकू नका.