सोळा-तेराची ऑइलगळती आणि आडगावजवळचे बिनपाटीचे गॅरेज

आमच्याकडे २००७ सालचा टाटा १६१३ ट्रक आहे, कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडर इंजिनाचा. लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा पोहोचवायचा आणि परतताना मिळेल तो माल आणायचा, एवढेच त्याचे काम. गेल्या दिवाळीनंतर त्याचे इंजिन ऑइल गाळू लागले. जाऊन-येऊन साधारण ४५० किलोमीटरच्या एका फेरीला दीड लिटर ऑइल वरून ओतावे लागे. महिन्याला ८ फेऱ्या धरल्या तर १२ लिटर, म्हणजे लिटरला ३०० रुपये या भावाने ३,६०० रुपये दरमहा रस्त्यावर सांडत होते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते आणि खालून ओली असलेली गाडी तपासणीला उभी करताना मालकाची मान आपोआप खाली जाते, तो त्रास वेगळाच.

नाशिकजवळच्या आडगावच्या या गॅरेजकडे जाण्याआधी मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये २१,५०० रुपये घालवून बसलो होतो. तिथे गाडी खड्ड्यावर घेतली, बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घराच्या, खालच्या भोकातून काळे ऑइल टपकताना पाहिले आणि दहा मिनिटांत निकाल दिला की क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गेले आहे. गिअरबॉक्स उतरला, सील बदलले, गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या म्हणाले, तीही बदलली. बाराव्या दिवशी त्याच भोकातून तसेच थेंब पडू लागले. विचारायला गेलो तेव्हा, ‘गाडी जुनी झाली शेठ, एवढं चालायचंच,’ हे उत्तर मिळाले.

त्यामुळे आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळच्या या गॅरेजवर गेलो तेव्हा मनात विश्वास असा काही नव्हता. गॅरेजला पाटी नाही. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, टायर रिमोल्डच्या दुकानाशेजारी लिंबाखाली दोन पत्र्याच्या शेड आहेत, एवढीच खूण. मिस्त्री साठीचे आहेत, मोजके बोलतात. त्यांनी गाडीखाली वाकण्याआधीच सांगितले की गळती शोधण्याचे १,२०० रुपये वेगळे लागतील, मग काम इथे करा नाहीतर दुसरीकडे. मला हे खटकले. गळती तर उघड्या डोळ्यांना दिसत होती, तिच्या शोधाचे कसले पैसे, असे मी बोलूनही दाखवले. त्यावर ते म्हणाले, ‘तुम्हाला दिसतंय ते टपकायचं ठिकाण. निघायचं ठिकाण दिसलं असतं तर तुम्ही माझ्याकडे कशाला आला असता?’ हे उत्तर तेव्हा मला उद्धट वाटले होते.

त्यांची तपासणी ज्या क्रमाने झाली तो क्रमच या गॅरेजची खरी मिळकत आहे, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो. पहिल्यांदा त्यांनी टपकणारा थेंब पांढऱ्या चिंधीवर घेतला, बोटांनी चोळला आणि नाकाशी नेला. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीने लवकर काळेकुट्ट होते, तर गिअर ऑइल जाड, तपकिरी राहते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. बेल हाउसिंगमधून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलचे ऑइलही येऊ शकते, त्यामुळे आधी हे ठरवावे लागते. आमचा थेंब इंजिनाचाच निघाला.

मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने बांधले आणि अठरा वर्षांची चिखल-ऑइलची खपली डिझेल व ब्रशने सोडवून, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, हवेने वाळवली. खपली निघाल्यावर कित्येक नटबोल्ट मी पहिल्यांदाच पाहिले. एवढे झाल्यावर त्यांनी एका लहान बाटलीतला रंग इंजिन ऑइलमध्ये ओतला आणि गाडी रिकामी नव्हे, माल भरून चालवून आणायला सांगितले. उभ्या इंजिनावर न येणारी गळती चढावर, लोडमध्ये येते, हे त्याचे कारण. आमचा ड्रायव्हर कांद्याची गाडी घेऊन चांदवडच्या पुढे राहुड घाटापर्यंत जाऊन आला.

अंधार पडल्यावर शेडमधला दिवा मालवला आणि मिस्त्रींनी नोटा तपासतात तसल्या जांभळ्या उजेडाची, पण बरीच मोठी बॅटरी इंजिनावर धरली. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या मागे, पुशरॉडची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांची) जागा झाकणारे लांबट पत्र्याचे कव्हर असते. त्याच्या खालच्या कडेपासून पिवळट-हिरवी चकाकणारी रेघ निघून, ब्लॉकच्या कडेकडेने मागे सरकत, बेल हाउसिंगच्या जोडावर उतरली होती. दुसऱ्या बाजूला टर्बोचे ऑइल परत आणणारा पाइप ब्लॉकला मिळतो तिथून एक बारीक रेघ निघून तिथेच येऊन मिळाली होती. पुढच्या पंख्याची हवा आणि गाडीचा वेग दोन्ही ऑइलला मागे ढकलतात, त्यामुळे लांबलचक इंजिनावर कुठूनही सुटलेले ऑइल अखेर बेल हाउसिंगशीच जमते. मिस्त्रींनी बेल हाउसिंगच्या तळाचा पत्रा काढून बॅटरी आत, फ्लायव्हीलच्या मागे धरली. आत ठार अंधार! चकाकीचा ठिपकासुद्धा नाही. माझे २१,५०० रुपये कोरड्या जागी खर्च झाले होते. ड्रायव्हर माझ्याकडे पाहून काही बोलला नाही, हे बरे झाले.

एवढ्यावर काम सुरू केले असते तरी मी खूश झालो असतो. पण त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उलटे करून तोंडावर नुसते ठेवले. झाकण तव्यावरच्या चुरमुऱ्यासारखे उडू लागले. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढला तर तो आतून काळ्या लगद्याने तीन चतुर्थांश बुजलेला होता. आत कोंडलेला दाब कुठून तरी वाट काढणारच, आणि ती त्याने सर्वांत जुन्या, कडक झालेल्या पॅकिंगमधून काढली होती. पाइप साफ करून पुन्हा पाहिले तेव्हा झाकण जागच्या जागी थरथरत राहिले. यावरून त्यांनी सांगितले की रिंगांचे बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरणारा दाब, वयाच्या मानाने ठीक आहे, इंजिन उघडण्याची गरज नाही. हे वाक्य ऐकण्यासाठी मी १,२०० च्या दुप्पट पैसे दिले असते, कारण उडणारे झाकण दाखवून हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलण्याचे, काम गळ्यात मारणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

दुरुस्तीत मेहनत जास्त आणि सामान थोडे होते. बाजूच्या कव्हरपर्यंत हात जाण्यासाठी डिझेल पंप उतरवावा लागतो आणि परत बसवताना टायमिंग काटेकोर जुळवावे लागते; मजुरीचा मोठा भाग त्यातच गेला. कव्हर निघाल्यावर दिसले की पूर्वी कोणीतरी जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन थापून बोल्ट जिवाच्या आकांताने आवळले होते, त्यामुळे बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा आत दबला होता. मिस्त्रींनी कव्हर लोखंडी ठोकळ्यावर पालथे घालून लहान हातोडीने एकेक भोक हलक्या हाताने सपाट केले, मध्येच काच ठेवून पत्रा तिच्यावर डुलतो का ते पाहिले आणि पुन्हा ठोकले. या एका कव्हरला पाऊण तास लागला. नवे रबरी पॅकिंग त्यांनी कोरडेच बसवले. कव्हरच्या आतल्या कडेला लोंबणारा सिलिकॉनचा शेवयीएवढा तंतू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. असे तंतू तुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचा दाब घालवतात. टर्बोच्या पाइपचे पॅकिंग बदलले, ब्रीदरचा पाइप नवा टाकला, फिल्टर आणि १५डब्ल्यू-४० ऑइल बदलले.

ऑइल आणि फिल्टर सोडून बिल १३,४०० रुपये झाले, त्यात ८,००० मजुरी. शोधाचे १,२०० त्यातून वजा केले नाहीत. मी घासाघीस केली, त्यांनी चहा पाजला, आकडा मात्र हलला नाही.

आता उणे बाजू. तीन दिवस सांगून पाच दिवस लावले, आणि कांद्याच्या हंगामात दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीचा हिशेब मालकालाच कळतो. फोन उचलत नाहीत. बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहिलेली बेरीज. कोणता भाग कितीला आला हे विचारून मीच वहीत उतरवून घेतले, सुट्या भागांच्या पावत्या मात्र मागताच मिळाल्या. ड्रायव्हरला आडवे व्हायला जागा नाही, संडासासाठी पेट्रोल पंपावर जावे लागते. आणि मुख्य म्हणजे गाडी नेल्यावर आठवड्याच्या आत वरच्या बाजूने ऑइल दिसू लागले. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचे स्वतंत्र टॅपेट कव्हर असते. त्या सहांपैकी शेवटच्या कव्हरचा बोल्ट हेल्परने जास्त आवळल्याने पॅकिंग पिळून बाहेर आले होते. मिस्त्रींनी चूक लगेच मान्य केली, नवे पॅकिंग स्वतःच्या हाताने घातले आणि पैसे घेतले नाहीत. पण माझी अर्धी फेरी बुडाली ती बुडालीच. हेल्परच्या कामावर शेवटी एकदा पाना फिरवून पाहण्याची शिस्त इतक्या बारकाईने शोध घेणाऱ्या माणसाकडे असायला हवी होती.

नव्या, बीएस-६ गाड्यांसाठी हे गॅरेज नाही, त्यांच्याकडे गाडीच्या संगणकातला बिघाड वाचणारा स्कॅनर नाही आणि ते तसे स्वतःच सांगून परत पाठवतात. सकाळी गाडी लावून संध्याकाळी माल भरायचा असेल तरीही इथे जाऊ नये. जुन्या यांत्रिक पंपाची गाडी असेल, दोन गॅरेजांत दाखवूनही गळती थांबत नसेल आणि चार-पाच दिवस काढता येत असतील, तर मात्र मी दुसऱ्या कोणाचे नाव आधी घेणार नाही.

या कामाला आता चार महिने झाले. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवतो, सकाळी ते कोरडे असते. तरी पाच फेऱ्यांत मिळून एक लिटर ऑइल कमी होतेच. मिस्त्रींनी तेव्हाच हवेच्या टाकीचा कॉक उघडून पाण्यासोबत आलेली ऑइलची साय दाखवली होती: ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनाचे ऑइल तिकडून हवेत जाते. ते काम पावसाळ्यात, कांदा थंडावल्यावर करू असे ठरले आहे. तोवर ड्रायव्हर रोज सकाळी टाकी मोकळी करतो.