डोंगरावर झाड लावून देणारी सेवा : पैशाच्या मानाने कार्बन किती?

देणगीदाराच्या नावाने मुळशीच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर झाडे लावून देणाऱ्या एका संस्थेची सेवा मी घेतली आणि पावसाळ्यानंतर व पुढच्या उन्हाळ्यात जागेवर जाऊन रोपे पाहिली. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ अशी झटपट वाढणारी परकी झाडे टाळून संस्थेने हिरडा, जांभूळ, ऐन व अंजनी लावली आहेत आणि खड्ड्यांचे काम गावातल्याच लोकांना दिले आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

संस्थेने देणगीदाराला दिलेल्या प्रमाणपत्रावरील कार्बनचा हिशेब मात्र मला मान्य नाही. प्रत्येक झाड वर्षाला २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असे त्यावर छापले आहे. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजेच तेवढ्यासाठी झाडाचे सुके वजन, मुळे धरून, एका वर्षात सुमारे १२ किलोंनी वाढायला हवे. कातळावरच्या वीतभर मातीत उभ्या असलेल्या गुडघाभर हिरड्याकडून पहिली कित्येक वर्षे ही अपेक्षा करता येणार नाही.

खर्चाचेही तसेच आहे. रोपामागची रक्कम वाजवी दिसते, पण तीन रोपांतले एकच जगले तर जगलेले झाड तिप्पट भावाने पडते. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असूनही जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढलेली नव्हती, आळ्याभोवतीचे वाळलेले गवत शेंड्यांना टेकले होते, आणि एक दगावलेले रोप उपटले तेव्हा त्याची मुळे पिशवीच्याच आकारात गोल गुंडाळलेली निघाली. दुसऱ्या वर्षी नांग्या भरण्याची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याची, तरतूद देणगीत नाही.

त्याच उताराच्या पायथ्याशी ओढ्याकाठी तोडलेल्या ऐन-किंजळीच्या खुंटांना जोमदार फुटवे आले आहेत. त्यांची मुळे आधीच खोल गेलेली असल्यामुळे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून वणवा अडवला, तर नव्या खड्ड्यांपेक्षा कितीतरी कमी पैशांत तेथे अधिक कार्बन साठेल, असे माझे ठाम मत आहे. संस्थेने राखणीचा खर्च धरून दर वाढवला तरी मी तो आनंदाने देईन. सध्याच्या स्वरूपात मात्र विमानप्रवासातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई म्हणून ही सेवा कोणी घेऊ नये, आणि घेणाऱ्यांनी तिसऱ्या उन्हाळ्यानंतरची जिवंत झाडांची मोजणी पैसे भरण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी.