नोकरी शोधायला लिंक्डइन: जॉब्स टॅबपेक्षा माणसं शोधायची सोय जास्त कामाची

लिंक्डइनवरून खरंच नोकरी मिळते का, प्रीमियम (म्हणजे पैसे भरून मिळणारं अकाउंट) घ्यावं का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय. मी हे ॲप स्वतः नोकरी शोधताना पण वापरलंय आणि टीममध्ये माणूस घ्यायचा असताना पण, त्यामुळे दोन्हीकडून बघून झालंय. ५ पैकी ४ स्टार देईन, पण त्यातले ३ माणसं शोधायच्या सोयीला आणि जेमतेम १ जॉब्स टॅबला.

आधी जॉब्स टॅबचंच बोलू, कारण सगळे तिथेच जाऊन बसतात. सर्च चांगला आहे. पदाचं नाव अवतरणचिन्हात टाकलं की तेवढंच शोधतं, नको असलेले शब्द वगळता येतात, आणि गेल्या २४ तासांतल्याच जाहिराती दाखव असा फिल्टर आहे, तो लावून अलर्ट सेट करा आणि बाकीच्या शेकडो जाहिराती विसरा. जुन्या जाहिरातीवर अर्ज करण्यात फार अर्थ नसतो, बऱ्याचदा तोपर्यंत इंटरव्ह्यू सुरू झालेले असतात. "रीपोस्टेड" (म्हणजे जुनीच जाहिरात पुन्हा टाकलेली) दिसलं तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करिअर्स पानावर जाऊन ती जागा तिथे आहे का बघा, नसेल तर पुढे चला.

आता ईझी अप्लाय. दोन टॅपमध्ये अर्ज जातो, भारी वाटतं, पण तुम्हाला जितकं सोपं तितकंच बाकी सगळ्यांना पण सोपं, त्यामुळे अर्जांचा ढीग पडतो आणि समोरची व्यक्ती सगळे वाचू शकत नाही, हे मी दुसऱ्या बाजूने बसून पाहिलंय. उलट जिथे अर्ज कंपनीच्या साइटवर जाऊन भरावा लागतो तिथे अर्जदारांचा १०० च्या वर आकडा दिसला म्हणून लगेच माघार घेऊ नका, कारण तिथे अप्लायचं बटण किती जणांनी दाबलं ते दिसतं, फॉर्म पूर्ण किती जणांनी भरला ते लिंक्डइनला कळत नाही. लांबलचक फॉर्म बघून बरेच जण मध्येच सोडतात. आणि रेझ्युमे साधा ठेवा प्लीज, दोन कॉलम, टेबल, आयकॉन असलं काही घातलं की कंपन्यांचं अर्ज गोळा करणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा मजकुराची सरमिसळ करतं, मग तुमचा अनुभव भलत्याच रकान्यात जाऊन पडतो.

आता खरी कामाची गोष्ट. लिंक्डइनवरच्या तुमच्या कॉलेजच्या पेजवर जा, तिथे ॲलम्नाय (माजी विद्यार्थी) म्हणून टॅब आहे, त्यात कोण कुठे राहतं, कोणत्या कंपनीत आहे, काय काम करतं, असं सगळं गाळून बघता येतं. मला विचाराल तर अख्ख्या ॲपमधलं सगळ्यात मोलाचं पान हेच, आणि बहुतेकांनी ते उघडलेलं पण नसतं! जाहिरात दिसली की अप्लाय दाबायच्या आधी त्या कंपनीत आपल्या कॉलेजचं, जुन्या ऑफिसचं कोण आहे ते बघायचं, एवढी एक सवय लावा.

यावर लोक म्हणतात की आमची कुणाशी घट्ट ओळखच नाही. घट्ट लागतच नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात, तर नेहमी भेटणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले, ५५.६ टक्के कधीमधी भेटणारे आणि २७.८ टक्के क्वचितच भेटणारे. नमुना छोटा होता, पण कारण पटण्यासारखं आहे, जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्याला पण माहीतच असतं, नवीन बातमी लांबच्या वर्तुळातून येते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी लोकांच्या डेटावर झालेला अभ्यास सायन्स या जर्नलमध्ये आला, त्यातही मध्यम कच्च्या ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी निघाल्या. म्हणजे अगदी अनोळखी नाही आणि रोजचे पण नाही, थोडेफार कॉमन कनेक्शन असलेले लोक. शाळेतला बॅचमेट, आधीच्या कंपनीतली दुसऱ्या टीममधली ताई, असेच.

मेसेज मात्र नीट लिहा. "काही ओपनिंग असेल तर सांगा" याला उत्तर देणं समोरच्याला अवघड जातं, कारण तुम्हाला काय येतं, काय हवंय, काहीच कळत नाही. त्यापेक्षा "दादा, तुमच्या कंपनीत अमुक पोस्ट निघालीये, मी या कामात इतकी वर्षं आहे, तिथे रोजचं काम कसं असतं हे १० मिनिटं बोलून समजून घ्यायचंय" असं लिहा. रेफरल, म्हणजे त्यांच्या कंपनीत तुमची शिफारस, पहिल्याच मेसेजमध्ये मागू नका, बोलणं बरं झालं तर पुष्कळदा समोरचाच विचारतो. संकोच पण नको, बऱ्याच कंपन्या रेफर केलेला माणूस घेतला गेला की रेफर करणाऱ्याला बोनस देतात. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

जॉब फेअरला जाणाऱ्यांनी तर हे ॲप सोबत वापरायलाच हवं. तिथे स्टॉलवर बऱ्याचदा "ऑनलाइन अप्लाय करा" एवढंच ऐकायला मिळतं आणि लोक वैतागून परत येतात. पण स्टॉलवरच्या माणसाला जॉब आयडी आणि त्या जागेसाठी कोण माणूस घेतंय त्याचं नाव विचारता येतं, ते बहुतेक जण विचारत नाहीत. नाव मिळालं की त्याच संध्याकाळी त्या व्यक्तीला कनेक्ट रिक्वेस्ट, सोबत स्टॉलवर काय बोलणं झालं त्याचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशीपर्यंत स्टॉलवरच्यांच्या डोक्यात सगळे चेहरे एक झालेले असतात.

ओपन टू वर्क (मी नोकरी शोधतोय असं सांगणारी खूण) चालू करताना बघून करा, त्यात दोन पर्याय आहेत, फोटोला हिरवी चौकट सगळ्यांना दाखवायची किंवा फक्त रिक्रूटर्सना, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांना, कळू द्यायचं. दुसऱ्या पर्यायात सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण खात्री ते स्वतःच देत नाहीत. नोकरी हातात असेल तर हे लक्षात ठेवा. आणि कुणी मेसेज करून लगेच टेलिग्रामवर बोलावलं, किंवा रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी असं काही मागितलं, तर तिथेच ब्लॉक करून रिपोर्ट करा, नोकरी द्यायला पैसे मागणाऱ्याकडे नोकरी नसते.

प्रीमियमचं म्हणाल तर बहुतेकांना गरज नाही. वर सांगितलेलं जवळपास सगळं फुकटच्या अकाउंटमध्ये होतं, ॲलम्नाय टॅब पण, फक्त कनेक्ट रिक्वेस्टसोबत मजकूर महिन्यातून मोजक्याच वेळा लिहिता येतो. अनोळखी लोकांना थेट मेसेज पाठवायचे असतील तर फ्री ट्रायल तेवढा घ्या, तोही मेसेज कुणाला करायचे त्यांची यादी तयार झाल्यावर, आणि रिन्यू व्हायच्या तारखेच्या आधीचा रिमाइंडर त्याच दिवशी लावून ठेवा.