क्लेम की स्ट्राईक, काट की काउंटर: व्हिडिओ अडकला तर कोणता रस्ता धरायचा

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं आखाजीच्या आधी आठ-दहा दिवस चालतं, सण सरला की त्याला कोणी विचारत नाही. खानदेशची देवी कानबाई, तिच्या गाण्यांचंही तेच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी उठते, आणि वर्षभराचे व्ह्यूज त्या आठवड्यातच पडतात. त्यामुळे धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या अहिराणी चॅनलवाल्याला यूट्यूबवर कॉपीराइटची सूचना आली की ‘मी बरोबर की चूक’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हातात किती दिवस आहेत हा. खालचे रस्ते दिवस, पैसा आणि धोका या तीन गोष्टींवर तोलले आहेत.

आधी काय आलंय ते नीट पाहा. ‘कॉपीराइट आला’ असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. क्लेम बहुतेक वेळा यंत्रच लावतं. कंटेंट आयडी नावाच्या यंत्रणेत मालकांनी दिलेले नमुने असतात, त्यांच्याशी तुमचा आवाज किंवा चित्र जुळलं की क्लेम लागतो. व्हिडिओ बहुधा चालूच राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जातात. क्वचित ब्लॉक होतो. चॅनलला मात्र त्याचा डाग लागत नाही. स्ट्राईक वेगळी. तिथे कोणीतरी टेकडाउनचा फॉर्म भरून व्हिडिओ उतरवायला लावलेला असतो. 90 दिवसांत तीन स्ट्राईक झाल्या तर चॅनल जातं, आणि त्याला जोडलेली बाकीची चॅनलंही जातात. घाबरून व्हिडिओ डिलीट करणारे पुष्कळ आहेत, पण डिलीट केल्याने स्ट्राईक जात नाही.

क्लेम आलाय: काट मारायची की वाद घालायचा

काट म्हणजे यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापणं, गाणं म्यूट करणं किंवा दुसरं गाणं टाकणं. लिंक तीच राहते, आलेले व्ह्यूज शाबूत राहतात, आणि काट नीट बसली की क्लेम आपोआप निघतो. खर्च शून्य, धोका शून्य. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा व्हिडिओ आहे आणि मागे पाळण्याजवळच्या भोंग्यावर सिनेमाचं गाणं वाजतंय, तर यावर डोकं खाजवायचं कारण नाही. काट मारा.

वाद घातला तर समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. नाकारला तर अपील, त्यावर त्याला 7 दिवस. व्हिडिओ ब्लॉकच झाला असेल तर पहिली पायरी वगळून थेट अपील करता येतं, म्हणजे 30 दिवस वाचतात. ही सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. पैशाचा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे: क्लेम लागल्यापासून 5 दिवसांत वाद घातला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते आणि जो जिंकेल त्याला मिळते. सहाव्या दिवशी जागे झालात तर वाद घातल्या दिवसापासूनचीच. सणाच्या गाण्यात हे पाच दिवस म्हणजेच सगळा हंगाम.

धोका एकच, पण मोठा. वादाच्या कोणत्याही टप्प्यावर समोरचा थेट टेकडाउन मागू शकतो, आणि मग निरुपद्रवी क्लेमची स्ट्राईक होते. म्हणून वाद घालण्याआधी माल कोणाचा आहे हे स्वतःशी खरं बोलून ठरवा.

कानबाईची, आखाजीची, झोक्यावरची परंपरेने चालत आलेली गाणी कोणाच्या मालकीची नाहीत. शब्द मोकळे, चाल मोकळी. पण एखाद्या कंपनीने त्यांचं केलेलं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, प्रसिद्धीनंतर 60 वर्षं. तुम्ही तुमच्या गायिकेकडून नव्याने गाऊन घेतलं असेल तर छाती ठोकून वाद घाला. त्यांचा ऑडिओ उचलून वर फक्त व्हिडिओ शूट केला असेल तर गप्प राहा.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्याकडे रोजचं आहे. त्या 3 डिसेंबर 1951 ला गेल्या, कविता पुस्तकरूपाने 1952 मध्ये आल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याला छापल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं संरक्षण असतं, म्हणजे त्या संग्रहातल्या कविता 2012 अखेर सर्वांसाठी मोकळ्या झाल्या. शब्द घ्या, स्वतःची चाल लावा, कोणाची परवानगी लागत नाही. लोक चुकतात ते इथे: कवितेबरोबर एखाद्या संगीतकाराने नंतर बांधलेली चालही उचलतात. त्या चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं जिवंत असतो.

लग्नाच्या बँडचं कोडं अजून निराळं. वरातीत बँडवाल्याने सिनेमाचं गाणं वाजवलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम 52 त्याला सूट देतं. लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे समारंभ त्यात स्पष्ट लिहिले आहेत. पण ती सूट प्रसंगापुरती. तोच व्हिडिओ चॅनलवर टाकून जाहिराती लावल्या की सूट मागे राहते. ‘वरातीत चालतं मग यूट्यूबवर का नाही’ या मुद्द्यावर घातलेला वाद हरतो.

सगळ्यात वाईट अडकतात ते ट्रॅकवाले, म्हणजे तयार पार्श्वसंगीतावर गाणारे. स्टुडिओवाला एकच ढोलकी-कीबोर्डचा ट्रॅक धुळ्याच्या गायकाला देतो आणि तोच चार महिन्यांनी चाळीसगावच्या. दोघांपैकी एक जण डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ऑनलाइन पोचवणारी कंपनी) गाणं कंटेंट आयडीत नोंदवतो आणि दुसऱ्याला क्लेम लागतो. इथे दोघंही स्वतःला खरे समजतात. वादाच्या रकान्यात ‘गाणं माझं आहे’ एवढंच लिहिलं तर तो नाकारला जाणार. ‘आवाज व शब्द माझे आहेत, पार्श्वसंगीत बिगर-एकाधिकार (इतरांनाही देता येणाऱ्या) परवान्याने घेतलं आहे, तेच संगीत इतर गाण्यांतही आहे’ असं लिहिलं तर निदान समोरच्या माणसाला वाचावं लागतं. डिस्ट्रिब्युटरलाही हे कळवा. असे सामायिक तुकडे कंटेंट आयडीत नोंदवायलाच परवानगी नसते.

स्ट्राईक आलीय: थांबा, मनधरणी की काउंटर

थांबायचं म्हणजे यूट्यूबचा ‘कॉपीराइट स्कूल’ नावाचा ऑनलाइन धडा पूर्ण करायचा आणि 90 दिवस काढायचे. स्ट्राईक उतरते, व्हिडिओ मात्र परत येत नाही. पहिलीच स्ट्राईक असेल, चूक आपली असेल आणि व्हिडिओ शिळा असेल तर हाच रस्ता स्वस्त.

मनधरणी म्हणजे तक्रारदाराकडून तक्रार मागे घेऊन घेणं. स्ट्राईकच्या तपशिलात त्याचा ईमेल असतो. समोर खानदेशातलंच चॅनल असेल तर फोनवर एका दिवसात मिटतं, खाली दिलेल्या काउंटरच्या पंधरवड्यापेक्षा केव्हाही लवकर. फक्त ‘चूक झाली, पैसे देतो’ असं घाईत लिहून देऊ नका. पुढे तोच मेसेज कबुलीजबाब म्हणून समोर येतो.

काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ चुकीने उतरवला असा यूट्यूबला दिलेला लेखी उलट दावा, हा तिसरा रस्ता. त्यात पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो समोरच्याला जातो. परदेशातला माणूसही अमेरिकेतल्या, यूट्यूबच्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करतो असं त्यात लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं. तक्रारदाराला मग अमेरिकी कामकाजाचे 10 दिवस मिळतात. त्यात त्याने कोर्टात कारवाई सुरू केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. शनिवार-रविवार धरून हे दोन आठवडे होतात, त्यांची सुट्टी आली तर जास्त. वाळू, पाणी, नगरपालिका यांवर बोलणाऱ्याने घरचा पत्ता समोरच्याच्या हातात देण्याआधी दोनदा विचार करावा. वकिलामार्फत काउंटर टाकता येतो, तो खर्च अशा वेळी वसूल आहे.

टीकेच्या व्हिडिओवर आलेली स्ट्राईक

इथे थोडं थांबायला हवं, कारण कायद्यातली फट इथे आहे. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यातून पुढे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं 66अ कलम रद्द केलं. त्याच निकालाने ठरवलं की मजकूर हटवण्यासाठी कंपनीला कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना लागते, कोणाची नुसती तक्रार पुरत नाही. पण 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मायस्पेस प्रकरणात कॉपीराइटपुरता वेगळा न्याय लावला: नेमक्या गाण्याची, नेमक्या लिंकची नोटीस मालकाने दिली तर तेवढ्यावर कंपनीने हालचाल करायची. गाणं-सिनेमाच्या चोरीसाठी हे योग्यच आहे. परिणाम मात्र असा की बदनामी झाली म्हणणाऱ्याला कोर्टात जावं लागतं, आणि ‘माझ्या जाहिरातीतले 17 सेकंद वापरले’ म्हणणाऱ्याला फॉर्म पुरतो. तोंड बंद करायचं असेल तर माणूस कोणता दरवाजा निवडेल हे सांगायला नको.

समजा, एखाद्या क्लासच्या निकालाच्या दाव्यांवर तुमचा 4 मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि त्यात त्यांच्या जाहिरातीतले 02:14 ते 02:31 असे 17 सेकंद आहेत. कलम 52 टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी वापर मान्य करतं. ‘सात सेकंद चालतात’, ‘दहा टक्के चालतात’ असलं काही कायद्यात नाही. ही नुसती ऐकीव गोष्ट. बघितलं जातं ते हे, की जेवढ्यावर टीका आहे तेवढाच तुकडा घेतला का, आणि तुमचा व्हिडिओ पाहून मूळ पाहायची गरज संपते का. काउंटरमध्ये वेळ नोंदवून लिहा: अमुक सेकंदांत अमुक दावा दाखवला, लगेच पुढे त्याची अमुक तपासणी केली. अशा प्रकरणात आमचं मत काउंटरच्या बाजूने आहे, कारण तक्रारदार खरोखर कोर्टात जाण्याची शक्यता कमी आणि गप्प बसलं तर पुढच्या व्हिडिओवर दुसरी स्ट्राईक ठरलेली.

आपल्या देशी नियमाचाही सोबत दाब द्या. कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 सांगतो की लेखी तक्रारीनंतर मध्यस्थ कंपनीने (इथे यूट्यूबने) 36 तासांत मजकूर अडवावा, पण 21 दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. ‘करता येतो’ हा शब्द बारकाईने वाचा. करायलाच हवा असं नाही. तरी यूट्यूबच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला बाविसाव्या दिवशी या नियमाचा हवाला देऊन पत्र टाका. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. गाणं कोणाचं हे ठरवायला साक्षीपुरावा लागतो, तो वाद तिथे नेऊ नका. कंपनीने उत्तरच दिलं नाही, कारण सांगितलं नाही, अशा तक्रारीला ती जागा बरी.

कोर्ट

कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली, बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हीच आधी दावा लावू शकता आणि मनाई हुकूम, नुकसानभरपाई मागू शकता. ऐकायला गोड आहे. पण समोरच्याने तत्परतेने उल्लंघनाचा दावा लावला की कलम 60 चा आधार सुटतो, आणि कलम 62 त्याला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा लावू देतं. तुम्ही धुळ्यात, तो मुंबईत, आणि तारखांना जायचं तुम्ही. दाव्याची किंमत 3 लाखांच्या वर गेली आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीही सक्तीची. चॅनलच घरचं उत्पन्न असेल तरच या वाटेला जा.

उलट बाजूने ‘गुन्हा दाखल करतो’ असा मेसेज आला तर तो हसण्यावारी नेऊ नका. कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. अशा वेळी काउंटर टाकायच्या आधी वकील.

कोणत्याही रस्त्याला कागद तेच लागतात: रेकॉर्डिंगची मूळ प्रोजेक्ट फाइल, माइकवरचा कच्चा आवाज, स्टुडिओला केलेल्या पेमेंटची नोंद, आणि गीतकार-संगीतकाराची सही असलेला करार. हक्क हस्तांतर लेखी नसेल तर ते झालंच नाही असं धरतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांचं. सरकारी नोंदणी सक्तीची नाही. शब्दांना 500 रुपये, ध्वनिमुद्रणाला 2000 रुपये फी आहे. कोर्टात तिचा उपयोग होतो, आठवडाभरात व्हिडिओ सोडवायला नाही.

सणाच्या गाण्याला यापेक्षा सोपा उपाय वेळापत्रकाचा आहे. व्हिडिओ आधी प्रायव्हेट टाकला तरी अपलोडच्या तपासणीत क्लेम दिसतो आणि वाद तिथूनच घालता येतो. गुढीपाडव्यापासून आखाजी साधारण 31 दिवसांवर असते, म्हणजे वादाचे 30 दिवस कसेबसे बसतात आणि अपीलाचे 7 बसत नाहीत. गाणं होळीला चढवा.