नऊ महिने ऑटोसेगमेंटल वापरून झाले, आता लिहितेच

आधीच सांगते, हे ॲप नाहीये आणि सॉफ्टवेअरपण नाहीये, भाषेतले आवाज कागदावर मांडायची एक पद्धत आहे. पण मी ती नऊ महिने रोज वापरलीय, तेही पैसे घेऊन केलेल्या कामात, मग लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात तसा मी हिचा टाकला तर काय बिघडलं.

काम होतं शोना भाषेचं. झिंबाब्वेतली बांटू भाषा, शब्दाच्या प्रत्येक अक्षराला टोन (म्हणजे आवाजाची पट्टी) असतो, उच्च नाहीतर नीच, आणि रोजच्या लिहिण्यात तो दाखवतच नाहीत. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सिस्टीमसाठी शब्दांना टोन लावून द्यायचे. मी आधी जुन्या पद्धतीने गेले, म्हणजे टोन हा त्या स्वराचाच एक गुण, जसा ‘ई’ लांब तसा ‘ई’ उच्च. नियमही सोपा दिसत होता: ‘ने’ (म्हणजे ‘-सोबत’) हा उच्च प्रत्यय शब्दाच्या आधी लागला की त्याच्या लगेच नंतरचा उच्च पडतो, नीच होतो. म्ब्वा म्हणजे कुत्रा, उच्च. नेम्ब्वा, कुत्रा पडला. झालं की! मग आला होवे, मासा, दोन्ही अक्षरं उच्च. नेहोवे मध्ये दोन्ही पडतात. आणि म्बुंदुद्झी, म्हणजे पिकावर पडणाऱ्या लष्करी अळ्या, त्यात तीन उच्च, आणि ‘से’ (‘-सारखं’) लावलं की तिन्ही पडतात. माझी स्क्रिप्ट मात्र पहिला पाडायची, दुसऱ्याच्या आधी आता नीच आला म्हणून त्याला सोडायची, मग तिसरा पाडायची. नीच-उच्च-नीच, नुसता झोपाळा. उलट्या बाजूने नियम चालवला तर मासा बरोबर यायचा, पण नियम खरा असेल तर नुसत्या ‘होवे’मधला दुसरा उच्चसुद्धा पहिल्यामुळे पडायला हवा, तो का पडत नाही याला उत्तर नाही. दोन आठवडे यात गेले.

ऑटोसेगमेंटलमध्ये काय करतात, तर टोनला वेगळी ओळ देतात. खाली स्वर-व्यंजनं, वर टोन, मध्ये जोडणाऱ्या रेघा. मग होवे मध्ये दोन उच्च नाहीतच, एकच उच्च आहे आणि त्याच्या दोन रेघा खाली आल्यात! अळ्यांमध्ये एकाच्या तीन. नियम त्या एकाला पाडतो, खालचे सगळे आपोआप पडतात, आणि नुसत्या होवे मध्ये शेजारी दुसरा उच्चच नाही म्हणून तिथे काही होत नाही. खात्री करायला बेंझिब्वुंझा हा शब्द घ्या, ‘नको तिथे चौकश्या करणारा मूर्ख’, टोन उच्च-उच्च-नीच-उच्च. ‘ने’ लावल्यावर पहिले दोन पडतात, शेवटचा जागचा हलत नाही, कारण तो वेगळा उच्च आहे. स्क्रिप्टमध्ये मी फक्त सलग उच्चांचा एक गठ्ठा करून टाकला आणि बारा ओळींचं काम तीन ओळींत आलं. त्या दिवशी खरंच उठून चहा केला.

ही मांडणी जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ मध्ये एमआयटीच्या पीएचडीत केली, त्याआधी १९७३ मध्ये तिथेच विल्यम लेबन टोनचा असा वेगळा विचार करून गेले होते. सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे टोनचा चिवटपणा. नायजेरियातल्या एत्साको भाषेत ओवा म्हणजे घर, ओ उच्च, वा नीच. शब्द दोनदा म्हटला की ‘प्रत्येक घर’. पण होतं ओवोवा, मधला आ गळतो आणि त्याचा नीच टोन मात्र गळत नाही, तो पुढच्या ओ वर जाऊन बसतो आणि तिथे नीचातून उच्चात चढणारा सूर ऐकू येतो. टोन जर आ चाच गुण असता तर आ बरोबर गेला असता ना.

हे मी घरी सांगत होते तर वेदपठण शिकलेले आमचे एक काका म्हणाले, अगं हा तर क्षैप्र स्वरित (ई, उ चा य्, व् होऊन पुढच्या अक्षरावर येणारा उतरता सूर), यात नवीन काय. नदी मध्ये उदात्त, म्हणजे उच्च, शेवटच्या ई वर, पुढे अनुदात्त, म्हणजे नीच, अस् आला की ई चा य् होतो, य् ला काही सूर धरता येत नाही, मग पुढचा अ स्वरित होतो, नद्यः. पाणिनीचं सूत्रच आहे, ८.२.४. मी गप्प. म्हणजे पाणिनीने रेघा काढल्या असं मी म्हणत नाहीये (व्हॉट्सॲपवर तेवढं फिरवू नका), पण स्वर गेला तरी सूर उरतो हे निरीक्षण तिथे स्वच्छ आहे.

आणि हे फक्त टोनपुरतं नाही. व्यंजन-स्वरांच्या जागांनाही (म्हणजे कुठला आवाज किती वेळ घेतो ते दाखवणाऱ्या खणांना) अशीच वेगळी ओळ देता येते. सप्त, सत्त, सात. प्राकृतात सत्त मधल्या त कडे दोन जागा होत्या, मराठीत त्याने एक सोडली, जागा रिकामी पडली, शेजारच्या अ ने ती बळकावली आणि आ झाला. आठ, हात, काम सगळे तसेच. माझी जाऊ पंजाबी, ती अजून सत्त, अट्ठ, हत्थ, कम्म म्हणते, म्हणजे तिच्याकडे त ने जागा सोडलीच नाही. शाळेत हे नुसतं ‘स्वर दीर्घ होतो’ म्हणून पाठ केलेलं, का होतो ते आत्ता कळलं.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण ब्राझीलच्या तेरेना भाषेतलं. ‘त्याचा भाऊ’ म्हणजे आयो. ‘माझा भाऊ’ म्हणायला प्रत्ययच नाही, अख्खा शब्द नाकातून बोलायचा. ‘माझा’ म्हणजे नुसता नाकातला आवाज, स्वतःचं अक्षर नसलेला, तो डावीकडून शिरतो आणि क, प सारखं व्यंजन आडवं येईपर्यंत पसरत जातो. एका ओळीच्या पद्धतीत हे लिहून दाखवा बरं.

आता तक्रारी, त्या कमी नाहीत. पहिली म्हणजे ही पद्धत फार मोकळीक देते. रेघ काढली की काहीही सिद्ध झाल्यासारखं वाटतं. चौथ्या महिन्यात मी जिथे अडेल तिथे एक तरंगता टोन, म्हणजे स्वराशिवायचा लटकता टोन, घालत सुटले होते. तरंगते टोन खरे असतात, मालीतल्या बांबारा भाषेत निश्चित नामाची खूण म्हणून असा नीच टोन आहेच, पण माझे अर्धे निव्वळ बुजगावणी होती. ‘रेघा एकमेकींना छेदायच्या नाहीत’ एवढीच काय ती शिस्त, बाकीची स्वतःची स्वतः लावावी लागते.

दुसरं, ‘टोन डावीकडून एकेक जोडत जा, उरलेल्या अक्षरांवर शेवटचा पसरव’ हा जोडणीचा नियम सगळीकडे चालतो असं समजू नका. सिएरा लिओनच्या मेंदे भाषेवर तो इतका सुंदर बसवून दाखवतात, म्बू म्हणजे घुबड, न्गिला म्हणजे कुत्रा आणि फेलामा म्हणजे रस्त्यांचा फाटा, एक, दोन, तीन अक्षरं आणि तिन्हींत उच्च-नीच हाच साचा, की माणूस प्रेमातच पडतो. नंतर कळतं की त्याच मेंदेत उच्च-उच्च-नीच असलेले शब्दही आहेत, आणि तो नियम ते कधीच देणार नाही. मी हे उशिरा वाचलं आणि शोनाच्या अर्ध्या याद्या परत तपासल्या.

तिसरं, रेघा काढणं. वर्डमध्ये टेक्स्टबॉक्स आणि रेघा, फॉन्ट बदलला की सगळं इकडचं तिकडे. शेवटी वहीत पेन्सिलने काढून फोटो पाठवले, पलीकडच्या माणसाने दोनदा विचारलं की हे विणकामाचं डिझाइन आहे का.

टोनभाषेवर काम असेल तर डोळे झाकून घ्या. टर्किशमध्ये एका शब्दातले स्वर एकमेकांशी जुळवून घेतात, तसल्या कामासाठीही चालेल, पण तिथे साधा नियम पुरत असेल तर उगाच ओळी वाढवू नका. मी शोनाचं काम गेल्या महिन्यात देऊन टाकलं, शंभरेक शब्द अजून चुकतात, त्यातले बहुतेक जोडशब्द आहेत, कारण तिथे दोन उच्च एकमेकांना चिकटून येतात आणि माझी स्क्रिप्ट त्यांचा एकच गठ्ठा करून बसते.